रकाना सात

दर भाद्रपदात माझ्या टेबलावर
सगळं इंदूर येऊन बसतं, तीन प्रतींत.
विभागीय परिषद, कला व संस्कृती, वार्षिक साहाय्य.
मी नुसती आवक-जावक.
शिक्का मारायचा, सुटी पानं टाचायची
आणि रकाना सात भरलाय ना, एवढं पाहायचं:
सदर कार्यक्रमामुळे जनतेस काय लाभ होईल.

रामबागेच्या भजनी मंडळानं लिहिलंय, मनःशांती.
मागच्या साली पण मनःशांतीच होती,
पाच हजारांनी स्वस्त.
लोधीपुऱ्याचे माचवाले भेरूलाल
पेन इतकं दाबून लिहितात
की अक्षर कागदाच्या पाठीवर उठतं:
लोग रातभर जागेंगे. और क्या.
बँडवाल्या नूर मोहम्मदचा धाकटा
क्लॅरिनेटच्या दुरुस्तीला अठराशे मागतो.
सोबत बिल, बिलावर तेलाचा डाग,
आणि रकान्यात:
वरात नसेल त्या दिवशीही वाजवता येईल.

साहेब म्हणतात, मॅडम, हे काय लाभ झाले? परत पाठवा.
मी पाठवते.
पाठवताना कोपऱ्यात पेन्सिलीनं
बारीक लिहिते, 'जतन' घाला.
जतनाला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

यंदा एक अर्ज आला निळ्या शाईत.
शालन दिघे, वय बहात्तर, छत्रीबागेमागे.
कला: संजा.
(कुठे शिकलात? शेजारच्या मालवी पोरींकडून.
आमच्याकडे भोंडला होता,
पण त्यांच्याकडे भिंत होती.)
अपेक्षित रक्कम: निरंक.
अन्य साहाय्य: एक भिंत. सोळा दिवस.
कॉलनीतल्या सगळ्या भिंतींवर स्वच्छतेची वाक्यं रंगवली आहेत,
शेण लावलं तर दंड होतो.
रकाना सात: शेवटच्या दिवशी खरवडून पाण्यात सोडतो.
मागे काही राहत नाही.
लाभाचं मला सांगता येणार नाही.

साहेब पहिल्यांदाच हसले.
शून्य रुपये मंजूर करायला लेखाशीर्ष नाही, म्हणाले,
आणि समितीची बैठक जानेवारीत.
मी अर्ज उलटा करून पाहिला.
मागे पेन्सिलीनं लिहायला जागा होती.
काय सुचवणार होते मी?

सायकल स्टँडच्या मागे ऑफिसचीच एक भिंत आहे,
पुताई झालेली नाही,
कोणाच्या नजरेत यावी अशी नाही.
पौर्णिमेला साडेपाचनंतर शिपाई गेंदालालनं
फाटकाची किल्ली खिशात ठेवली आणि
चहा प्यायला जातो म्हणाला. रोज. सोळा दिवस.

शालनबाई डब्यातून शेण आणायच्या,
पदरात तेरडा. चाळीतल्या चार मुली मागून,
एकीच्या हातात मोबाइल, तोही शेणानं माखलेला.
पहिल्या दिवशी चंद्र-सूर्य. मग पंखा, चौपट,
मग बैलगाडी, जिचं एक चाक रोज गळून पडे.
तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात ना;
इथं एका रात्रीत काळपटायचा,
आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच्यावरच नवं.
एकदा एका मुलीनं ढोलीच्या शेजारी
चष्मेवाली बाई काढली, कमरेला शिक्का.
मी विचारलं नाही कोण.

अमावस्येला खरवडून घमेल्यात भरलं,
रिक्षात बसून पिपल्यापाल्याच्या तळ्याकडे गेल्या.
मी आले नाही, माझी टपाल-बॅग होती.
पण जावक रजिस्टरात एक ओळ आहे,
क्रमांक चारशे बारा:
संजा, एक. पाण्यात.
लेखापरीक्षणवाल्यांनी तिच्यापुढे
लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.
मी उत्तर दिलेलं नाही.

भिंतीवर हिरवट गोल डाग राहिलाय.
साहेबांनी दोनदा विचारलं, ओल आहे का?
आहे, म्हटलं.

रामबागेचा चेक मार्चमध्ये निघाला.
मनःशांती, दोन हजार कापून.